नवतपा

नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी दोनला,
गिट्टीखदानमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर
कूलरच्या पत्र्यानं माझा अंगठा उघडला.
उजवा. ज्याच्यावर आमचं वर्ष चालतं.

मेयोत टाके घालणारा पोरगा म्हणाला,
'काका, महिनाभर पाना धरायचा नाही.'
मी हसलो.
बाहेर पारा शेहेचाळीसवर,
फोनवर सतरा मिस्ड कॉल:
मोटर जळली, पंप अडकला,
आजी घाबरी झाली, भाऊ, कधी येता?
अठरावा शाळेचा. फीबद्दल.

देवा, तुला हंगाम कळतो ना?
बियाण्याबद्दल, कापणीबद्दल एवढं बोललास,
तर आमचंही एक पीक आहे. मे महिना.
जूनमध्ये आभाळ झाकोळलं
की नागपूर कूलर विसरतं
आणि कूलरवाल्यालाही.

रात्री मोहननगरच्या आमच्या एका खोलीत
आमचाच कूलर बंद, दोन वर्षांपासून.
सुवार्तानं ओली चादर खिडकीला टांगली
आणि प्रार्थनेला बसली, नेहमीसारखी, मोठ्यानं,
बोरकरकाकूंना भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी.
मी आमेन म्हटलं नाही.
तिनं जरा वाट पाहिली,
मग माझ्या वाटचंही तीच म्हणाली.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी
खांद्यावर हात ठेवला:
'बंधू आशेर, भार त्याच्यावर टाका.'
टाकतो ना साहेब,
पण टाकायलासुद्धा अंगठा लागतो.
हे मनात.
तोंडानं म्हटलं, 'हो जी.'

मंगळवारी सकाळी बघतो तर
माझी हत्यारांची थैली तिच्या खांद्यावर.
'तुम्ही सांगा, मी करते.'
'तुले पाना समजते का?'
'तेवीस वर्षं तेच तर ऐकून राहिली मी.'

बोरगाव रोडवर तीन कूलर होते.
पहिल्या घरचा माणूस दारातच अडला,
'मॅडम करणार?'
मी काही बोलायच्या आत ती आत गेली,
पदर खोचला, स्टुलावर चढली.
स्टूल तेच, एक पाय आखूड असलेलं,
खाली घडी घातलेला पुठ्ठा.
मी डाव्या हातानं ते धरून,
उजवा छातीशी, पट्टीत.
'डावीकडे. अजून अर्धा आटा. बस, बस.'
वाळ्याच्या जाळीतलं पाणी
तिच्या कोपरावरून माझ्या टकलावर
थेंब थेंब.

तेव्हा मला दिसलं.
आकाश वगैरे उघडलं नाही.
कबुतरं होती, पण ती आपली इथलीच,
छज्ज्यावर घाण करणारी.
दिसलं ते एवढंच,
की तिनं एकदाही
खाली वळून पाहिलं नाही,
मी स्टूल धरलंय का.

मी तर दर पावलाला पाहतो, प्रभू.
वाकून वाकून पाहतो,
तुझे हात आहेत का, घट्ट आहेत का,
या उन्हात तुलाही डुलकी लागली असेल का.
आणि त्या वाकण्यानंच
स्टूल डुगडुगतं.

फी अजून अर्धीच भरली आहे.
अंगठा पहिल्यासारखा वाकेल का, विचारलं
तर डॉक्टर फाइल चाळतात.
तिच्या तळहाताला मात्र घट्टा पडू लागलाय,
माझ्या जुन्या घट्ट्याच्या बरोबर त्याच जागी.

काल तिनं आमचा कूलर लावला.
आधी पंपाची खरखर,
मग थोड्या वेळानं भिंतीपर्यंत वाळ्याचा वास.
ती प्रार्थनेला बसली, मी शेजारी.
कुठल्यातरी वाक्याच्या मधेच
माझ्या तोंडून आमेन निघून गेलं.
तिनं एक डोळा उघडला.
'थांबा ना जी,' म्हणाली,
'फीचं सांगायचं राहिलं अजून.'